पार्श्वभूमी: ‘किण्वित अर्क’ आणि कर्करोग

जिवाणूंनी बदललेल्या वनस्पती-अर्कांवरचे शोधनिबंध बरेचदा आयुर्वेदातल्या आसव-अरिष्टांचा दाखला देऊन सुरू होतात. ही वंशावळ जरा ओढूनताणून जुळवलेली आहे. अरिष्टात धायटीची फुले पडतात, त्यांच्यासोबत येणारे यीस्ट गुळाची दारू करते, आणि त्या दारूत औषधी द्रव्ये उतरतात, टिकतात. मुख्य काम यीस्टचे. आजच्या प्रयोगात मात्र लॅक्टोबॅसिलससारखा निवडक जिवाणू अर्कात सोडतात, तो रेणूला चिकटलेली साखर तोडण्यासाठी. रुटिन या वनस्पतीतल्या रेणूची साखर निघाली की क्वेर्सेटिन हा नुसता गाभा उरतो. याला ‘जैवरूपांतर’ म्हणावे हे बरे. पण ‘किण्वन’ या शब्दाला परंपरेचा वास आहे, म्हणून तोच चालतो.

या विषयाला खरी गती मिळाली ती जिनसेंग या पूर्व आशियातल्या औषधी मुळामुळे. त्यातल्या आरबी-१ या मोठ्या रेणूची साखर आतड्यातले जिवाणू टप्प्याटप्प्याने काढतात आणि ‘कंपाउंड के’ हा शरीरात सहज शोषला जाणारा लहान रेणू तयार होतो, हे १९९०च्या दशकात जपानमध्ये नीट दाखवले गेले. मग प्रश्न साहजिकच होता: जिवाणू पोटात जे करतात ते बरणीत आधीच करून घेतले तर?

तेव्हापासून हळद, डाळिंबाची साल असे बरेच काही आंबवून झाले. निष्कर्षाचे वाक्य मात्र ठरावीक असते: किण्वित अर्काने कर्करोगाच्या पेशी जास्त मारल्या. हे ‘मारणे’ बहुधा १९८३ साली आलेल्या रंगचाचणीवर मोजतात. पिवळे रंगद्रव्य जिवंत पेशींत जांभळे होते. जांभळा कमी, तर पेशी मेल्या. कच्चा अर्क मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या आत निम्म्या पेशी थोपवत असेल तर पुढे जाण्याजोगा, असा एक निकष रूढ आहे. कित्येक अर्क शेकड्यांत असतात, तरी शीर्षकात ‘कर्करोगविरोधी’ येतेच. शिवाय लॅक्टिक आम्लाने आंबट झालेला अर्क उदासीन न करता पेशींवर ओतला, तर त्या आंबटपणानेही मरू शकतात. वनस्पतीतली काही द्रव्ये पेशी नसतानाही तो रंग बदलतात. तेवढेच दिवस जिवाणूंविना ठेवलेला अर्क तुलनेला घेतला होता का, हे निबंधात आधी शोधावे.

आतड्यातल्या जिवाणूंनी वनस्पतिजन्य कर्करोग-औषध बदलल्याचा सर्वांत पक्का पुरावा उलट दिशेचा आहे. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य १९६६ साली एका चिनी झाडातून मिळाले, १९७२ साली सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडले. विषारीपणामुळे सुरुवातीच्या चाचण्या थांबल्या. १९८५ मध्ये ते पेशीतल्या कोणत्या विकराला (एन्झाइमला) पकडते हे कळले, आणि १९९६ मध्ये त्यापासून बनवलेल्या इरिनोटेकनला अमेरिकेत परवानगी मिळाली. जपानमध्ये त्याआधीच, १९९४ ला. यकृत त्याचे सक्रिय रूप साखरेसारख्या आम्लाला जोडून निष्क्रिय करते आणि पित्तातून आतड्यात सोडते. तिथे जिवाणू ती जोड तोडतात, औषध पुन्हा जागे होते आणि रुग्णाला जबर जुलाब लागतात. जिनसेंगमध्ये ज्या क्रियेचे कौतुक, तीच इथे दुखणे. २०१० साली उंदरांत हा जिवाणू-विकर रोखून जुलाब टाळून दाखवले गेले.

झाडाच्या आत राहणारे सूक्ष्मजीव हा ‘किण्वन’ याच शब्दातला, बरणी आणि आतड्यानंतरचा, तिसरा गुंता. २००५ मध्ये नरक्यातल्या बुरशीने, २०१३ मध्ये दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीतल्या जिवाणूंनीही प्रयोगशाळेत कॅम्प्टोथेसिन बनवल्याचे अहवाल आले. झाडे वाचतील, ही आशा होती. पण अशा सूक्ष्मजीवांना झाडाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवले की उत्पादन घटत जाते, असा अनुभव आला. कच्चा माल अजून मुख्यतः झाडांतूनच येतो. सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडच्या जंगलांत चोरट्या तोडीच्या बातम्यांत नरक्याचे नाव येते ते त्यामुळेच.