सर्व्हर आत का घेत नाही? एसएसएचच्या अडचणींमागची पार्श्वभूमी

एसएसएच या कूटबद्ध जोडणीच्या प्रोग्रामने सर्व्हरवर दुरून लॉगिन करायला बसलं की काही संदेश हमखास समोर येतात. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’, ‘परमिशन डिनाइड’, नाहीतर समोरच्या होस्टची ओळख बदलल्याचा तो मोठ्या अक्षरांतला इशारा. घाईत असलेला माणूस संदेश जसाच्या तसा शोधतो, पहिल्या उत्तरातली कमांड चिकटवतो आणि लॉगिन झालं की विषय विसरतो. पण यातला जवळजवळ प्रत्येक संदेश कुठल्यातरी खऱ्या घटनेतून आला आहे. ती घटना माहीत असली की अडचण कुठे शोधायची ते लवकर कळतं, आणि कुठली तपासणी कधीही बंद करू नये हेही कळतं. म्हणून हा सगळा प्रवास एकदा नीट मांडावासा वाटला.

दुरून यंत्र वापरण्याची कल्पना संगणकांच्या नेटवर्कपेक्षा जुनी आहे. सप्टेंबर १९४० मध्ये बेल लॅब्जच्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी अमेरिकेतल्या हॅनोवरच्या डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांच्या सभेत टेलिटाइप (टंकलेखनयंत्रासारखं तारयंत्र) मांडला आणि न्यूयॉर्कमध्ये असलेल्या गणनयंत्राकडून टेलिफोनच्या तारेवरून उत्तरं मिळवून दाखवली. तिथे लॉगिन नव्हतं, कारण यंत्र एक आणि वापरणारा एक. ओळख विचारायची गरज पडली ती १९६० च्या दशकात, एमआयटीच्या सीटीएसएससारख्या टाइम-शेअरिंग प्रणालींमध्ये एकच संगणक अनेक जण एकाच वेळी वापरू लागले तेव्हा. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायच्या, म्हणून पासवर्ड आला.

मग २९ ऑक्टोबर १९६९ ची रात्र. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकावर लॉगिन करत होता. तिकडे बिल डुव्हॉल फोनवर होते. ‘एल’ पोहोचला, ‘ओ’ पोहोचला, ‘जी’ला पलीकडची प्रणाली कोसळली. कारण सांगितलं जातं ते असं: स्टॅनफर्डचा संगणक उरलेला शब्द स्वतःच पुरा करून पाठवायचा, आणि एका वेळी एकच अक्षर हाताळायला बनवलेल्या प्रोग्रामला ती एकदम आलेली अक्षरं पेलली नाहीत. दुरुस्ती झाली आणि सुमारे तासाभराने लॉगिन जमलं. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवरचा हा पहिलाच संदेश म्हणजे एक लॉगिन, आणि पहिलं ट्रबलशूटिंगही त्याचंच. दोन्ही टोकांना एकेक माणूस, फोन चालू, ‘आलं का?’ ‘आलं’. तपासायची याहून चांगली पद्धत अजूनही नाही. फरक इतकाच की आज पलीकडच्या माणसाची जागा सर्व्हरच्या लॉगने, म्हणजे घडलेल्या गोष्टींच्या नोंदवहीने, घेतली आहे.

टेलनेट ही दुरून लॉगिन करण्याची पद्धत त्याच काळात आकाराला आली. प्रत्येक कंपनीचा टर्मिनल वेगळा, एंटर दाबल्यावर जाणारा संकेत वेगळा, म्हणून एक काल्पनिक सामायिक टर्मिनल ठरवला गेला आणि दोन्ही बाजूंनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं असा तोडगा निघाला. मे १९८३ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी लिहिलेल्या आरएफसी ८५४ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजात टेलनेटचं प्रमाण रूप आलं. टर्मिनलांच्या त्या गोंधळाचे अवशेष आजही भेटतात. लॉगिन होतं, पण बॅकस्पेस दाबला की अक्षर पुसलं न जाता टोपीचं चिन्ह आणि ‘एच’ उमटतं, किंवा एडिटर ‘हा टर्मिनल ओळखीचा नाही’ म्हणून उघडत नाही. काही टर्मिनल मागचं अक्षर पुसायला आस्की या अक्षर-संकेतांतला ८ पाठवायचे, काही १२७. हा मतभेद कधी मिटलाच नाही.

खरी गुंतागुंत बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या ऑपरेटिंग प्रणालीत सुरू झाली. १९८३ च्या ४.२बीएसडी या तिच्या आवृत्तीसोबत आरलॉगिन आणि आरएसएच हे दुरून काम करायचे प्रोग्राम सर्वदूर पोहोचले. त्यांची सोय मोठी होती: घरच्या फोल्डरमध्ये डॉट-आरहोस्ट्स नावाची फाइल करायची, तिच्यात विश्वासू यंत्रांची नावं लिहायची, की तिथून येणाऱ्याला पासवर्ड विचारला जात नसे. विश्वासाचा आधार दोनच गोष्टींचा: येणाऱ्याचा आयपी पत्ता, आणि त्याने १०२४ खालचा पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) वापरलेला असणं. असा पोर्ट फक्त रूट, म्हणजे यंत्रावर सर्वाधिकार असलेलं खातं, उघडू शकतो आणि रूट म्हणजे जबाबदार प्रशासक, हे त्यात गृहीत होतं. विद्यापीठातल्या मोजक्या महागड्या यंत्रांपुरतं ते खरंही होतं. पण ज्याच्या टेबलावर स्वतःचा संगणक आहे तो प्रत्येक जण स्वतःपुरता रूट असतो, आणि आयपी पत्ता खोटा लिहिता येतो. बर्कलीच्या टीसीपीमधल्या (यंत्रांमधली जोडणी सांभाळणाऱ्या नियमांमधल्या) क्रमांकांचा अंदाज बांधून विश्वासू यंत्राचं सोंग घेता येईल, हे रॉबर्ट टी. मॉरिस यांनी १९८५ मध्येच बेल लॅब्जच्या एका टिपणात दाखवलं होतं. त्याच मॉरिस यांचा वर्म (स्वतःहून पसरणारा प्रोग्राम) २ नोव्हेंबर १९८८ ला सुटला तेव्हा त्याच्या वाटांपैकी एक वाट हीच होती: एका यंत्रात शिरायचं, त्याचा ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांची यादी वाचायची आणि पुढे सरकायचं.

सर्वांत जास्त डोकं खाणारी आजची अडचण थेट या काळातून आली आहे. पासवर्डऐवजी वापरायची की (डिजिटल चावी) बरोबर आहे, योग्य फाइलमध्ये आहे, तरी ‘परमिशन डिनाइड’. सर्व्हरचा लॉग उघडला तर कळतं की डॉट-एसएसएच फोल्डरवर किंवा खुद्द होम फोल्डरवर गटाला लिहिण्याची परवानगी आहे, म्हणून सर्व्हरने ती फाइल विचारातच घेतली नाही. विश्वासाची यादी दुसरा कुणी बदलू शकत असेल तर ती मानायची नाही, हा नियम डॉट-आरहोस्ट्सच्या तपासणीतही होता. ज्याला त्या फोल्डरात लिहिता येतं तो स्वतःची की घालून तुमच्या नावाने आत येऊ शकतो. तेव्हा परवानग्या नीट करणं हे दोन मिनिटांचं काम करावं. ही तपासणी करणारं ‘स्ट्रिक्टमोड्स’ सेटिंग बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये.

टेलनेट असो की आरलॉगिन, अक्षरं तारेवरून उघडी जात. त्या वेळच्या इथरनेटमध्ये एकाच केबलवरची सगळी यंत्रं सगळ्यांची वाहतूक पाहू शकत. त्यामुळे एका यंत्रात शिरलेला घुसखोर शांतपणे ऐकत बसला की आसपासचे पासवर्ड आपोआप गोळा होत. फेब्रुवारी १९९४ मध्ये सर्ट या संगणक-सुरक्षेच्या संस्थेने याबद्दल इशारा दिला, आणि त्यात दहा हजारांच्या पटीतल्या यंत्रांची लॉगिन माहिती चोरली गेल्याचं म्हटलं होतं.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असाच हल्ला झाला आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी काही महिन्यांत एसएसएचची पहिली आवृत्ती लिहिली. जुलैमध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि वर्षअखेर ५० देशांत सुमारे २०,००० लोक ती वापरत होते. पोर्टची गोष्ट मला फार आवडते. एफटीपीचा २१, टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता. युलोनेन यांनी असे क्रमांक वाटणाऱ्या आयाना या संस्थेला ईमेल लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी तो क्रमांक मिळाला. उत्तर पाठवणाऱ्या होत्या जॉइस रेनल्ड्स, टेलनेटच्या प्रमाण दस्तऐवजाच्या सहलेखिका.

एसएसएचने आरलॉगिनची सोय ठेवली आणि विश्वासाचा पाया बदलला. पत्त्याच्या जागी गणिती की-जोडी आली, आणि सर्व्हरलाही स्वतःची ओळख सिद्ध करावी लागू लागली. पण पहिल्याच भेटीत सर्व्हरची की खरी कशावरून? सगळ्या जगाच्या सर्व्हरांना प्रमाणपत्रं वाटणारी संस्था तेव्हा नव्हती, आणि तिची वाट पाहिली असती तर लोक टेलनेटवरच राहिले असते. म्हणून मधला मार्ग निघाला: पहिल्या वेळी वापरणाऱ्याला विचारायचं, त्याने ‘हो’ म्हटलं की की लिहून ठेवायची आणि पुढे दर वेळी ताडून पाहायची. ही तडजोड मला मनापासून योग्य वाटते, पण तिची किंमत आपण रोज मोजतो. भाड्याचे सर्व्हर मिनिटांत उभे राहू आणि मोडू लागल्यापासून तोच आयपी पत्ता नव्या यंत्राला, नव्या कीसह मिळतो आणि तो मोठा इशारा झळकतो. दहांपैकी नऊ वेळा कारण निरुपद्रवी निघालं की दहाव्या वेळी कुणी पाहत नाही. जुनी नोंद काढण्याआधी सर्व्हर खरंच नव्याने उभारला आहे का हे विचारायचं, आणि सेवादात्याच्या कन्सोलवरून कीचा ठसा (तिची छोटी खूण) ताडून पाहायचा. त्याला लागणारा वेळ अगदी थोडा आहे.

‘जुळणारा होस्ट की प्रकार सापडला नाही’ या तक्रारीमागे तर पेटंटचा इतिहास आहे. युलोनेन यांनी डिसेंबर १९९५ मध्ये कंपनी काढली आणि पुढच्या आवृत्त्यांचा परवाना आवळत गेला. ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग प्रणालीच्या मंडळींनी जुन्या मुक्त आवृत्तीवरून ओपनएसएसएच घडवलं आणि १ डिसेंबर १९९९ ला ते ओपनबीएसडी २.६ सोबत बाहेर पडलं. दरम्यान एसएसएचच्या पहिल्या प्रोटोकॉलमधल्या त्रुटी उघड झाल्या होत्या आणि दुसरा प्रोटोकॉल आकार घेत होता. त्याचे आरएफसी जानेवारी २००६ मध्ये आले. तो घडत असताना अमेरिकेत आरएसए या की-पद्धतीवर सप्टेंबर २००० पर्यंत पेटंट होतं, म्हणून सक्तीचा की प्रकार ठरला डीएसए ही दुसरी पद्धत. पुढे डीएसएची १०२४ बिटांची मर्यादा तोकडी पडली. ओपनएसएसएच ७.० ने २०१५ मध्ये डीएसए मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवलं, २०२१ मध्ये ८.८ ने आरएसएची शा-१ या जुन्या गणितावरची सही बंद केली, आणि एप्रिल २०२५ च्या १०.० मधून डीएसए पूर्ण गेलं. दशकभर न बदललेल्या स्विचवर किंवा राउटरवर लॉगिन अडतं ते यामुळे. क्लायंट नवा, उपकरण जुनं. पर्याय उघडायचाच झाला तर त्या एका उपकरणापुरता उघडावा, सगळ्यांसाठी नको.

‘रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइम्ड आउट’ यांतला फरक एसएसएचहून जुना. १९८१ च्या आरएफसी ७९३ प्रमाणे, ज्या पोर्टवर कुणी ऐकत नाही तिथे दार ठोठावलं तर यंत्राने स्पष्ट नकार पाठवायचा. म्हणजे ‘रिफ्यूज्ड’ आलं तर सहसा यंत्र चालू आहे, रस्ता मोकळा आहे, फक्त सेवा चालू नाही किंवा दुसऱ्या पोर्टवर आहे. फायरवॉल आल्यावर मात्र अनेकांनी उत्तरच न देण्याचं धोरण घेतलं, आणि त्यातून ‘टाइम्ड आउट’ नेहमीचा झाला. तिथे सेवा पुन्हा चालू करण्यात अर्थ नाही. वाटेतली फायरवॉल, क्लाउडचे नियम, चुकीचा पत्ता पाहावा. जोडणी होऊन काही मिनिटांनी गोठते, ती गोष्ट वेगळी. टीसीपीचा स्वतःचा जिवंतपणाचा तपास मूळ सेटिंगमध्ये दोन तासांच्या आत होऊ नये असं १९८९ मध्ये ठरलं होतं. नंतर घरोघरी नॅट करणारे (अनेक यंत्रांना एकच पत्ता वापरू देणारे) राउटर आले आणि त्यांपैकी पुष्कळ शांत जोडण्या त्याच्या कितीतरी आधी विसरू लागले. नॅटने दोन तास चार मिनिटं तरी थांबावं असं २००८ च्या आरएफसी ५३८२ ने सांगितलं, पण सगळी उपकरणं ते पाळत नाहीत. क्लायंटच्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल’ ६० सेकंदांवर ठेवलं की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

कीसुद्धा तिच्यामागच्या यादृच्छिक आकड्यांइतकीच चांगली असते. डेबियन या लिनक्स वितरणाच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या पॅकेजमध्ये २००६ साली केलेल्या एका बदलामुळे यादृच्छिकतेचा जवळजवळ एकमेव स्रोत प्रक्रियेचा क्रमांक उरला. मे २००८ मध्ये ते उघड झालं तेव्हा कळलं की एका प्रकारच्या आणि लांबीच्या शक्य चाव्या सुमारे ३२,००० च आहेत. त्या सगळ्या आधीच बनवून ठेवता येत. असंख्य सर्व्हरांच्या चाव्या बदलाव्या लागल्या, आणि ओळख बदलल्याचा तो इशारा त्या दिवसांत सगळीकडे खरोखरच योग्य कारणासाठी दिसला.

पासवर्डचा अंदाज बांधत फिरणारे प्रोग्राम आता कुठल्याही उघड्या पोर्ट २२ वर काही वेळातच येऊन धडकतात. ओपनएसएसएच ७.० पासून रूटला मूळ सेटिंगमध्ये पासवर्डने येता येत नाही, आणि २०२४ च्या ९.८ पासून वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला सर्व्हर काही काळ दूर ठेवतो. त्यामुळे चुकीची की चार-पाचदा वापरल्यावर योग्य की देऊनही जोडणी होत नसेल तर थोडं थांबून पाहावं.

ट्रबलशूटिंग किती दूर नेऊ शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण मार्च २०२४ चं आहे. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या ‘सिड’ या अस्थिर आवृत्तीवर वेगाची मोजमापं घेत होते. एसएसएच लॉगिन अपेक्षेपेक्षा जास्त प्रोसेसर खात होतं, तेही चुकीच्या नावामुळे लगेच फेटाळली जाणारी लॉगिन. आधी ०.३ सेकंद लागत, आता ०.८. अर्ध्या सेकंदासाठी कुणी थांबत नाही. ते थांबले, शोध घेत गेले आणि फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या लायब्ररीपर्यंत (तयार कोडच्या संचापर्यंत) पोहोचले. ओपनएसएसएचच्या मूळ कोडमध्ये ती लायब्ररी वापरलेलीच नाही. काही वितरणांनी सर्व्हर सुरू झाल्याची सूचना सिस्टमडीला (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेला) देण्यासाठी जोडलेल्या तुकड्यामागून ती आत आली होती. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावत आलेल्या ‘जिया टॅन’ या नावाच्या सहदेखभालकर्त्याने छुपं दार बसवलं होतं. ज्याच्याकडे ती एक विशिष्ट की असेल त्याला कुठल्याही लॉगिनशिवाय सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता आली असती. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी सारं जाहीर केलं, तेव्हा त्या आवृत्त्या मुख्य वितरणांच्या स्थिर शाखांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. काही महिन्यांनी आलेल्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये सिस्टमडीला सूचना देण्याची सोय थेट लिहिलेली होती, कुठल्याही लायब्ररीच्या आधाराविना.