बीपी नॉर्मल आलं, मग गोळी का सोडायची नाही?

आमच्या मेडिकलमध्ये येणाऱ्या सर्वांसाठी

“बीपी आता नॉर्मल आहे, या महिन्यात गोळ्या नकोत.” काउंटरवर हे ऐकलं की आम्हाला काळजी वाटते. बीपी नॉर्मल आलंय ते बहुतेक वेळा गोळी चालू असल्यामुळेच. ती सोडली की बीपी पुन्हा चढतं, आणि चढलेलं कळतही नाही. डोकं दुखेलच असं नाही. आतून मात्र रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होत जातं, तिथे चरबी साचते, रक्ताची गुठळी होते. ती हृदयाच्या वाहिनीत अडकली तर हार्ट अटॅक. मेंदूच्या वाहिनीत अडकली, किंवा वाहिनीच फुटली, तर लकवा.

म्हणून पट्टी संपायच्या चार दिवस आधीच नवी न्या. गोळीने पाय सुजत असतील, कोरडा खोकला येत असेल, तर डॉक्टरांना सांगा; ते गोळी बदलून देतात. खर्च जड जात असेल तर संकोच करू नका. त्याच औषधाची स्वस्त जेनेरिक गोळी मिळते का, ते डॉक्टरांना विचारून पाहू. सरकारी आरोग्य केंद्रातही बीपीच्या गोळ्या मिळतात.

गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मागताना बीपी असल्याचं आधी सांगा. या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढू शकतं. हे फारच थोड्यांना माहीत असतं.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात सगळं आलं: लोणचं, पापड, फरसाण, खारी, सुकी मासळी. कमी सोडियमचं मीठ किडनीच्या रुग्णांनी विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम असतं. आणि मिश्री लावणाऱ्या आई-मावश्यांना कळकळीची विनंती: मिश्री म्हणजे तंबाखूच. ती सुटायला हवी.

बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, मोजताना बोलू नका. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून जास्त येत राहिलं, तर डॉक्टरांकडे जा.

तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एकही अचानक दिसलं तर लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. तोवर रुग्णाला पाणी, गोळी काही देऊ नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा.

छातीत दाब, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येत असेल तरीही 108. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी कधी नुसतीच धाप लागते. अशा वेळी “गॅस झालाय” म्हणून आमच्याकडे ॲसिडिटीची गोळी मागायला येऊ नका, थेट दवाखाना गाठा.

बीपी मोजायचं यंत्र काउंटरवर आहे, पैसे लागत नाहीत. येताना चालू औषधांची चिठ्ठी आणा.