फोल्डर घरी बसवताय? आधी हा कागद वाचा

आमच्याकडून फोल्डर, म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र असलेली फोनची अख्खी स्क्रीन, घेतलात, धन्यवाद. पाकीट फोडायच्या आधी एक काम करा, फुटलीये ती नक्की फोनचीच काच आहे का बघा. हसू नका, वरची टेम्पर्ड ग्लास तडकलेली असते आणि लोक फोल्डर घेऊन जातात, आमच्या डोळ्यासमोर झालंय हे. कडेला नख घालून ती ग्लास काढून बघा, खाली स्क्रीन धड असेल तर पाकीट तसंच परत आणा.

आणि "फक्त काच बदलता येत नाही का" हे सगळेच विचारतात. येते, पण काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करायला नि नवीन काच बुडबुडे न येता बसवायला मशीन लागतं, घरी हेअर ड्रायरवर ते होत नाही, डिस्प्लेपण जातो. म्हणून अख्खा फोल्डर.

मॉडेल नीट जुळवा. रेडमी नोट १०, १०टी आणि १० प्रो ही नावं सारखी वाटतात, पण नोट १० ला ६.४३ इंची अ‍ॅमोलेड स्क्रीन आहे, १०टी ला ६.५ इंची एलसीडी आणि प्रो ला ६.६७ इंची, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. ज्यांचं फिंगरप्रिंट स्क्रीनच्या आत आहे त्यांनी स्वस्तातला एलसीडी कॉपी (कंपनीचा नसलेला) फोल्डर घेऊ नये, चित्र दिसेल, टच चालेल, पण बोट लावून फोन उघडणार नाही. आम्ही हे विकतानाच सांगतो, तरी इथे परत लिहितोय कारण भांडण नंतर होतं.

फोन उघडण्याआधी बॅकअप घ्या. टच मेला असेल पण चित्र दिसत असेल तर ओटीजी (फोनच्या चार्जिंगच्या भोकाला यूएसबी जोडायचा अडॅप्टर) लावून साधा माऊस जोडा, बहुतेक अँड्रॉइडवर बाण येतो आणि काम होतं. मग बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरू द्या, फोन बंद करा, सिमचा ट्रे काढा (हा विसरून झाकण ओढणारे खूप). फुटक्या काचेवर रुंद चिकटपट्टी मारा म्हणजे कपच्या उडणार नाहीत, आणि हे काम गादीवर बसून करू नका, काच आणि स्क्रू दोन्ही तिथे हरवतात आणि काच नंतर पायाला सापडते.

मागचं झाकण प्लॅस्टिकचं असेल तर पिकने (प्लॅस्टिकची पातळ पात) कडेकडेने लॉक सुटतात, काचेचं असेल तर आधी गरम करावं लागतं. मागे फिंगरप्रिंट असलेल्या फोनमधे एक बारीक स्ट्रिप (पातळ चपटी वायर) झाकणाला लागून येऊ शकते, झटका दिला की तुटली. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर काढायचं, बाकी सगळं त्यानंतर. स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात, लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर बोर्ड कामातून जातो, म्हणून थर्माकोलवर फोनचं चित्र काढून स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा आणि फोन आहे तसा दुकानात घेऊन या. बॅटरीला लोखंडी हत्याराने कधीच उचकटू नका, भोक पडलं तर पेट घेते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन फोल्डर चिकटवायच्या आधी नुसती स्ट्रिप जोडून, बॅटरी लावून फोन चालू करा. पूर्ण पांढरं चित्र लावून डाग, रेघा बघा, एखादं आयकॉन धरून सगळ्या स्क्रीनवर फिरवा, कुठे सुटलं तर तिथे टच नाही. फोन लावून कानाशी धरा, स्क्रीन काळी व्हायला हवी, नाही झाली तर सेन्सरवरचं रबर जागेवर आहे का बघा. फोल्डरवरची फिल्म तोपर्यंत काढू नका. फिल्म काढलेला किंवा गोंद लागलेला माल आम्ही परत घेत नाही, कारण कंपनी आमच्याकडून घेत नाही. एका गिऱ्हाईकाने रात्री एक वाजता चिकटवून टाकला, सकाळी काळी स्क्रीन, दुकानात येऊन आवाज चढवला, आम्ही उघडलं तर स्ट्रिप अर्धवट बसलेली. परत उखडताना नवीन फोल्डर फुटला.

चालला की मग परत बॅटरी सोडवून जुना फोल्डर गरम करून काढा, फ्रेमवरचा जुना गोंद आणि काचेचे कण खरवडून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा. एक कण राहिला तरी नवीन काच त्या जागी तडकू शकते. बी-७००० या गोंदाची बारीक रेघ पुरे, जास्त झाला तर स्पीकरच्या जाळीत जातो आणि मग "आवाज येत नाही" म्हणून फोन. रबरबँड हलक्या हाताने लावा, रात्रभर राहू द्या.

हे सगळं वाचूनच घाम आला असेल तर फ्रेमसकट फोल्डर बदलून घ्या, थोडा महाग पडतो आणि बोर्ड, बॅटरी सगळं नवीन फ्रेममधे हलवावं लागतं, पण गरम करून काच उखडणं वाचतं. आम्हाला विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने हाच घ्यावा.

एकदा उघडलेला फोन पावसात बिनधास्त वापरू नका, पाण्याच्या शिंतोड्यांपासूनचं कंपनीचं सील गेलेलं असतं. फुटका फोल्डर घंटागाडीत टाकू नका, सफाईवाल्यांचे हात कापतात, चिकटपट्टी गुंडाळून दुकानात आणून द्या, आमच्याकडे वेगळा डबा आहे.