रंग जास्त म्हणजे रंग खरा नव्हे

वहिनीने लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून पैठणी मागवली. फोटोत चटक राणी रंग. पार्सलमधून निघाली ती बरीच शांत. "फसवलं बघा भावजी," म्हणत फोन घेऊन आली. तोच फोटो मी लॅपटॉपवर उघडला आणि साडी शेजारी धरली. रंग जवळजवळ जुळला. म्हणजे विकणाऱ्याची काही चूक नव्हती. वहिनीचा फोन मात्र नवाकोरा आणि माझ्या लॅपटॉपपेक्षा महाग!

'या स्क्रीनचे रंग भारी आहेत' असं आपण म्हणतो तेव्हा दोन गोष्टींची गल्लत करतो. एक आवाका, म्हणजे स्क्रीन किती भडक रंगांपर्यंत पोचते. दुसरा खरेपणा, म्हणजे फोटोत नोंदलेला रंग ती तसाच दाखवते का. पेटी साडेतीन सप्तकांची असली म्हणून सुरात असतेच असं नाही, तसंच हे.

खरं तर फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतोच, आकडे असतात. साधा जेपेग फोटो उघडला की लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ० ते २५५. आता २५५ लाल म्हणजे नेमका कुठला लाल? त्यासाठी १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी हे माप मांडलं, तेव्हाच्या जाडजूड काचेच्या मॉनिटरांना बेतून. नेटवरचे बहुतेक फोटो अजून त्याच मापाचे. नव्या फोनांच्या स्क्रीन मात्र बऱ्याचदा डिस्प्ले पी३ या मोठ्या मापापर्यंत पोचतात. त्याचा आवाका एसआरजीबीच्या साधारण सव्वापट. आयफोनमध्ये तो २०१६ च्या आयफोन ७ पासून आला.

अशा स्क्रीनने जुन्या मापातला २५५ लाल उचलून थेट स्वतःच्या सर्वांत भडक लालावर नेऊन ठेवला, की राणी रंग किंचाळायला लागतो. हिशोब नीट केला तर तीच स्क्रीन हात आखडता घेऊन मापातला रंग दाखवते. या हिशोबाला कलर मॅनेजमेंट म्हणतात.

उलटही होतं. लहान आवाक्याची स्क्रीन तिच्या हद्दीत अगदी खरी असू शकते, पण झेंडूच्या राशीचा पी३ मधला फोटो तिच्यावर टाका: पाकळ्या वेगळ्या दिसत नाहीत, नुसता केशरी गोळा. तिथे खरेपणा असून उपयोग नाही, आवाकाच कमी पडतो. (ब्राइटनेसचा या दोन्हींशी संबंध नाही. तो वाढवून कुणी रंग सुधारू नये.)

वहिनीच्या फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'व्हिव्हिड' होतं, मी 'नॅचरल' केलं. रात्रीचा पिवळा प्रकाशही बंद केला. फोटोतली पैठणी डोळ्यांदेखत शांत झाली, हातातल्या साडीसारखी. वहिनी दोन मिनिटं बघत राहिली.

"आधीचंच करून द्या," म्हणाली. "यात माझे फोटो फिके दिसतायत."