लेथवरची पिन आणि बंदुकीचा परवाना

नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे बारा बोअरच्या जुन्या दुनळी बंदुका अजून काही घरांत सापडतात. कंपनी पार्ट देत नाही, म्हणून एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘परवाना आपल्या नावावर आहे ना? मग आपली बंदूक आपण दुरुस्त करू. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लेथवर काय बनत नाही?’

हे चूक आहे, आणि महागात पडणारं आहे. तुमचा परवाना बंदूक बाळगण्याचा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये निर्मिती आणि विक्रीच्या जोडीलाच ‘दुरुस्ती’ हा शब्द आहे, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान ७ वर्षं शिक्षा आहे, कमाल जन्मठेप. परवान्याशिवाय नळी कापून आखूड करणं कलम ६ खाली येतं, शिक्षा तीच. लेथवाला पोरगाही यात अडकतो, हे कुणी लक्षातच घेत नाही.

कायदा सोडा, लेथवर बनवून घेतात ती फायरिंग पिनच बघा, म्हणजे काडतुसावर आदळून बार उडवणारी पिन. दिसायला खिळ्याएवढी. पण टोक जरा लांब किंवा अणकुचीदार राहिलं, तर काडतुसाच्या बुडाची टोपी नुसती दबत नाही, फुटते, आणि तापलेला वायू मागे, नेम धरलेल्या डोळ्याकडे येतो.

साफसफाईला मात्र कुणाची आडकाठी नाही. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा, मग नळीत ब्रश फिरवा, तेलाचा हात द्या. घोडा अडकला, पिन झिजली, तर परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्या, आणि जाताना परवाना खिशात असू द्या.