पाकिटावर नाव कोणाचं?

इंग्लंडमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी टपालाने होते. ठरावीक वय झालं की घरी पाकीट येतं. शौचाचा नमुना घरीच घ्यायचा आणि टपालपेटीत टाकायचा, की निकालही टपालानेच येतो. त्यासाठी दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. तरीही आलेलं किट तसंच पडू देणारे पुष्कळ आहेत. त्यांना राजी करायचं काम आता फॅमिली डॉक्टरांच्या, म्हणजे तिथल्या भाषेत जीपींच्या, दवाखान्यांवर येऊन पडलं आहे. गंमत अशी की ही तपासणी जीव वाचवते हे ब्रिटनमध्ये ज्या प्रयोगाने दाखवलं, त्यात हे डॉक्टर पहिल्यापासून होतेच. मधल्या काळात त्यांना बाजूला ठेवलं गेलं.

तपासणीमागची युक्ती जुनी आहे. गाठीतून किंवा कर्करोगातून झिरपणारं रक्त अनेकदा डोळ्यांना दिसत नाही. ग्वायकम झाडाची राळ मात्र अशा रक्तामुळे निळी पडते. इझाक व्हान डीन या डच शास्त्रज्ञाने १८६४ मध्ये ती रक्त शोधायला वापरली. पुढे शंभर वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या ओहायोचे डॉक्टर डेव्हिड ग्रीगर यांनी काहीही त्रास नसलेल्या लोकांना राळ लावलेली कार्डं घरी न्यायला दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. घरी करायच्या तपासणीची सुरुवात अशी डॉक्टरच्या हातून झाली.

पुरावा यायला आणखी पाव शतक गेलं. मिनेसोटातल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले, नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावरचे १९९६ मध्ये. नॉटिंगहॅमला शल्यचिकित्सक जॅक हार्डकॅसल आणि सहकाऱ्यांनी ४५ ते ७४ वयाच्या सुमारे दीड लाख लोकांची दोन गटांत विभागणी केली. तपासणीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा सगळे सांगतात. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: किट आणि सूचना लोकांना त्यांच्या फॅमिली डॉक्टरांच्या नावाने गेल्या होत्या. सुमारे ६० टक्के लोकांनी निदान एकदा तरी तपासणी केली.

२००० मध्ये कॉव्हेंट्री-वॉरिकशर आणि स्कॉटलंडच्या काही भागांत चाचपणी झाली, आणि २००६ मध्ये इंग्लंडचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी पाच प्रादेशिक केंद्रं उभारली. पत्रं, किटं, प्रयोगशाळा, निकाल, सगळं तिथून. दवाखान्याकडे निकालाची प्रत जायची, एवढंच. लाखो नमुन्यांची तपासणी एकसारखी व्हावी आणि आधीच वाकलेल्या जीपींवर आणखी भार नको, ही कारणं खोटी नव्हती. पण गर्भाशयमुखाच्या तपासणीशी तुलना करून पाहा. तिथे नमुना दवाखान्यातच घ्यायचे आणि १९९० पासून ठरलेलं लक्ष्य गाठल्यावर जीपींना पैसेही मिळू लागले. आतड्याच्या तपासणीत त्यांचा हातही नव्हता आणि हितसंबंधही.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. पहिल्या अडीचेक वर्षांत प्रतिसाद ५४ टक्क्यांच्या आसपास होता. सर्वांत सुस्थित भागांत तो ६१ टक्के होता, तर सर्वांत गरीब भागांत फक्त ३५.

इथून डॉक्टरांना परत आणायचे प्रयत्न सुरू झाले. दक्षिण इंग्लंडमधला २०११ चा एक छोटा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. काही लोकांना त्यांच्याच जीपीचं शिफारशीचं वेगळं पत्र दिलं, काहींना नमुना नेमका कसा घ्यायचा हे सविस्तर सांगणारी पुस्तिका. यातल्या प्रत्येक उपायाने प्रतिसाद सुमारे सहा टक्क्यांनी वाढला, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर सुमारे बारा टक्क्यांनी. पुस्तिकेचं महत्त्व कळायला जुनं किट डोळ्यांसमोर आणावं लागतं. कार्डावर सहा छोट्या खिडक्या, सोबत पुठ्ठ्याच्या काड्या. तीन वेळच्या शौचाचे प्रत्येकी दोन नमुने, आणि तोवर ते कार्ड घरात जपून ठेवायचं. ‘पाण्यात पडायच्या आत धरायचं कशात?’ हा प्रश्न कोणाला विचारणार?

मग हीच कल्पना देशभर स्वस्तात करता येईल का, हे पाहिलं गेलं. २०१६ मध्ये निष्कर्ष आलेल्या मोठ्या चाचणीत केंद्राच्याच छापील पत्रावर दवाखान्याचं नाव आणि पाठिंब्याची एक ओळ टाकली. वाढ एक टक्काही नव्हती. त्यावरून ‘डॉक्टरच्या शब्दाला वजन नाही’ असं म्हणणं चुकीचं ठरेल. डॉक्टरने पाठवलेलं पत्र वेगळं आणि कोपऱ्यात त्याचं नाव असलेलं पत्र वेगळं, आणि घेणाऱ्याला ते कळतं.

किटही बदललं. स्कॉटलंडमध्ये २०१७ ला आणि इंग्लंडमध्ये २०१९ ला एफआयटी ही शौचातलं रक्त शोधणारी नवी चाचणी आली. बाटलीच्या झाकणाला जोडलेली खाचांची काडी एकदाच फिरवायची, झालं. इंग्लंडमधल्या चाचपणीत प्रतिसाद सुमारे ५९ वरून ६६ टक्क्यांवर गेला होता. कोणाच्याही नुसत्या पत्राने एवढं साधलं नव्हतं, हे जीपींच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य करायला हवं. २०२१ पासून वयाची अट साठवरून टप्प्याटप्प्याने पन्नासपर्यंत खाली आणायला सुरुवात झाली.

आता प्रतिसाद न देणाऱ्यांची माहिती केंद्राकडून दवाखान्याच्या संगणकात येते. तिथे नावापुढे खूण करतात. रक्तदाब किंवा मधुमेहासाठी तोच माणूस आला की नर्स सहज विचारते, ‘ते किट आलं होतं ना?’ ‘फेकून दिलं’ असं उत्तर आलं, तर नवं किट कसं मागवायचं ते ती तिथेच सांगते. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांना त्यांच्या भाषेत फोन करणारे दवाखानेही आहेत.

आणि पाकीट कुठल्या पत्त्यावर जाणार, तेही दवाखान्यात नोंदवलेल्या पत्त्यावरूनच ठरतं. घर बदललं आणि दवाखान्याला कळवायचं राहिलं, की किट जुन्या घरी जातं आणि केंद्राच्या हिशेबात तो माणूस ‘प्रतिसाद नाही’ म्हणून जमा होतो.