फ्रेनी जिनवाला : दक्षिण आफ्रिकेच्या पहिल्या महिला सभापतींच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

दक्षिण आफ्रिकेच्या नॅशनल असेंब्लीच्या पहिल्या महिला सभापती फ्रेनी जिनवाला यांचे १२ जानेवारी २०२३ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी निधन झाले. १९९४ ते २००४ अशी सलग दहा वर्षे त्या सभापती होत्या. वर्णभेदाची राजवट संपून सर्व प्रौढ नागरिकांच्या मताने निवडून आलेली ती पहिलीच संसद होती. त्यामुळे सभागृह चालवणे आणि ते कोणत्या पद्धतीने चालावे हे ठरवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी त्यांच्या वाट्याला आली. यांतले बरेचसे त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले. जेथे त्यांचा निवाडा वादग्रस्त ठरला, तेथे ज्या चळवळीत त्यांचे सारे सार्वजनिक आयुष्य घडले तिची शिस्त लक्षात घेतल्याशिवाय त्या वादाचा उलगडा होत नाही.

ज्या संसदेत त्या सभापती म्हणून आल्या, तिचा स्त्रियांशी असलेला संबंध मुळातच विचित्र होता. तेथील गोऱ्या स्त्रियांना १९३० मध्ये मताधिकार मिळाला, परंतु तो देताना केप प्रांतातील मतदारयादीवर असलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या मतांचे वजन घटवणे हा राज्यकर्त्यांचा एक उघड हेतू होता. १९३३ मध्ये लैला राइट्झ निवडून आल्या आणि स्त्री सदस्यांची सुरुवात झाली. त्यानंतरच्या काळात ठसा उमटवणारे नाव हेलन सुझमन यांचे. १९५३ ते १९८९ अशी छत्तीस वर्षे त्या सदस्य होत्या आणि त्यांपैकी १९६१ ते १९७४ या तेरा वर्षांत आपल्या पक्षाच्या त्या सभागृहातील एकमेव प्रतिनिधी होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र संसदेची दारे बंदच होती. आफ्रिकी लोकांवर सतत परवाना (पास) बाळगण्याची सक्ती करणाऱ्या कायद्याविरुद्ध ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया प्रिटोरियातील सरकारी कचेऱ्यांवर चालून गेल्या. त्यांच्या राजकारणाला रस्त्याशिवाय दुसरी जागा नव्हती. १९८३ च्या राज्यघटनेने मिश्रवर्णीय व भारतीय यांच्यासाठी वेगळी सभागृहे काढली, पण बहुसंख्य आफ्रिकी जनतेला वगळले. भारतीय मतदारांपैकी बहुतेकांनी १९८४ च्या त्या निवडणुकीकडे पाठ फिरवली, ही त्या समाजाच्या इतिहासातील महत्त्वाची नोंद आहे.

जिनवाला यांचा जन्म २५ एप्रिल १९३२ रोजी जोहान्सबर्ग येथे, पश्चिम भारतातून आलेल्या पारशी समाजात झाला. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन त्या बॅरिस्टर झाल्या. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला आणि थोड्याच दिवसांत वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर, म्हणजे एएनसीवर, बंदी आली. बंदी येणार हे ओळखून पक्षाने ऑलिव्हर टांबो यांना आधीच देशाबाहेर पाठवले होते. त्यांना व इतर नेत्यांना बेचुआनालँडमार्गे (आजचे बोट्स्वाना) पुढे नेण्याची व्यवस्था करणाऱ्यांत जिनवाला होत्या. पोलिसांच्या नजरेत त्या तोवर फारशा आलेल्या नव्हत्या, आणि हेच त्यांच्या उपयोगी पडले. या नेत्यांकडे पारपत्रे नव्हती. ती अडचण भारत सरकारने दिलेल्या प्रवासी कागदपत्रांमुळे दूर झाली आणि ती मिळवण्यातही जिनवाला यांचा हात होता. पुढे टांबो आणि तेथील भारतीयांचे नेते युसूफ दादू यांच्यासह दार-ए-सलाम येथे निर्वासित एएनसीचे कार्यालय उभारण्याच्या कामात त्या सहभागी झाल्या.

टांगानिकातील, म्हणजे पुढच्या टांझानियातील, त्यांचे वास्तव्य सरळ गेले नाही. तेथे त्यांनी ‘स्पिअरहेड’ नावाचे राजकीय नियतकालिक चालवले. पुढे त्यांना देश सोडावा लागला, मात्र १९७० मध्ये ‘द स्टँडर्ड’ या इंग्रजी दैनिकाचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी त्यांनाच बोलावून त्याचे संपादन सोपवले. १९७१ मध्ये सुदानच्या निमेरी राजवटीने कम्युनिस्टांना दिलेल्या फाशीच्या शिक्षांवर या सरकारी मालकीच्या दैनिकाने कडक अग्रलेख लिहिला आणि संपादकपद गेले. सत्तेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत राहून सत्तेला न रुचणारे लिहिले तर काय होते, याचा हा धडा त्यांना तेव्हाच मिळाला होता. त्यानंतर ऑक्सफर्डमध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या १८६० ते १९४६ या काळातील इतिहासावर डॉक्टरेट केली. लंडनमधून एएनसीची बाजू मांडणे आणि टांबो यांच्या कार्यालयासाठी संशोधन करणे, या कामांत नंतरची बरीच वर्षे गेली.

१९९० मध्ये बंदी उठली आणि त्या मायदेशी परतल्या. यापुढची चार वर्षे, माझ्या मते, त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत फलदायी होत. वर्णभेदोत्तर राज्यघटनेच्या वाटाघाटींची पहिली फेरी, ‘कोडेसा’, डिसेंबर १९९१ मध्ये सुरू झाली तेव्हा टेबलाभोवती जवळजवळ सगळे पुरुषच होते. त्याच वर्षी जुलैमध्ये डर्बन येथील एएनसीच्या अधिवेशनात राष्ट्रीय कार्यकारिणीवर स्त्रियांना तीस टक्के जागा द्याव्यात अशी महिला लीगची मागणी होती. ती मान्य झाली नाही. तेव्हा विरोध केवळ गोऱ्यांच्या पक्षांकडून नव्हता, हे ध्यानात घ्यावे लागते. एप्रिल १९९२ मध्ये विमेन्स नॅशनल कोअलिशन ही आघाडी स्थापन झाली आणि जिनवाला तिच्या निमंत्रक झाल्या. एएनसी, नॅशनल पार्टी, डेमोक्रॅटिक पार्टी आणि झुलूंचा इंकाथा या एकमेकांशी उभा दावा असलेल्या पक्षांच्या महिला शाखा एका मंचावर आणणे सोपे नव्हते. एएनसी व इंकाथा यांच्या कार्यकर्त्यांत तर नाताळ प्रांतात रक्तपात चालू होता. आघाडीने आपली उद्दिष्टे मुद्दाम मर्यादित ठेवली: स्त्रियांच्या मागण्या गावोगावी जाऊन गोळा करायच्या, त्यांची सनद तयार करायची आणि घटनेत समतेचे तत्त्व पक्के करून घ्यायचे.

१९९३ मध्ये केम्प्टन पार्क येथील वाटाघाटींत प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधींत एक तरी स्त्री असलीच पाहिजे असा नियम झाला, तो याच दबावामुळे. परंपरागत प्रमुखांचा आग्रह होता की रूढीचा कायदा समतेच्या कलमातून वगळावा. ग्रामीण स्त्रियांच्या दृष्टीने हा जमीन, वारसा आणि विवाह यांचाच प्रश्न होता. आघाडी या मुद्द्यावर मागे हटली नाही आणि अखेर रूढीच्या कायद्यालाही समतेचे कलम लागू राहिले. एकमेकींच्या पक्षांवर विश्वास नसलेल्या स्त्रियांनी हे साधले, याचे श्रेय पुष्कळसे जिनवाला यांच्या कार्यपद्धतीला द्यावे लागेल.

१९९४ च्या निवडणुकीत एएनसीने उमेदवारांच्या यादीत एक तृतीयांश स्त्रिया घेतल्या. पक्षनिहाय याद्यांची पद्धत असल्याने त्याचा परिणाम थेट सभागृहात दिसला: पूर्वी शेकडा तीनच्याही आत असलेले स्त्रियांचे प्रमाण एकदम चतुर्थांशाच्या वर गेले. ९ मे १९९४ रोजी केप टाउन येथे सरन्यायाधीश मायकेल कॉर्बेट यांच्या देखरेखीखाली सभापतींची निवड झाली. जिनवाला यांच्याविरुद्ध कोणी उभे नव्हते. त्याच बैठकीत अल्बर्टिना सिसुलू यांनी नेल्सन मंडेला यांचे नाव राष्ट्राध्यक्षपदासाठी सुचवले. पुढील दहा वर्षे जिनवाला साडी नेसूनच सभापतींच्या आसनावर बसत. (भारताच्या लोकसभेला पहिल्या महिला अध्यक्ष, मीरा कुमार, यानंतर पंधरा वर्षांनी मिळाल्या.)

आरंभीच्या वर्षांत झालेला सर्वांत मोठा बदल समित्यांचा होता. जुन्या संसदेत समित्यांचे काम बंद दाराआड चाले. आता त्या बैठका लोकांना आणि वार्ताहरांना खुल्या झाल्या. लहान मुले असलेल्या सदस्यांचा विचार करून कामकाजाच्या वेळा बदलण्याकडे लक्ष दिले गेले. गर्भपाताविषयीचा १९९६ चा कायदा, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा १९९८ चा कायदा आणि रूढीनुसार झालेल्या विवाहांना मान्यता देणारा त्याच वर्षीचा कायदा हे याच सभागृहाने संमत केले.

पहिला मोठा वाद पॅट्रिशिया डी लिल यांच्या प्रकरणात झाला. या विरोधी सदस्येने ऑक्टोबर १९९७ मध्ये सभागृहात एएनसीच्या काही सदस्यांची नावे घेऊन ते वर्णभेदी राजवटीचे हेर होते असा आरोप केला. सभापतींनी सांगितल्यावर त्यांनी ते शब्द मागेही घेतले. तरीसुद्धा बहुमताने त्यांना पंधरा दिवसांसाठी निलंबित केले. केपच्या उच्च न्यायालयाने निलंबन रद्द ठरवले आणि सभापतींच्या नावे केलेले अपील १९९९ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयात फेटाळले गेले. नव्या व्यवस्थेत संसद सर्वश्रेष्ठ नसून राज्यघटना सर्वश्रेष्ठ आहे, हे अशा रीतीने जिनवाला यांच्याच कार्यालयाविरुद्धच्या खटल्यातून ठरले.

शस्त्रखरेदीचे प्रकरण याहून गंभीर होते. सुमारे ३० अब्ज रँडच्या करारांतील गैरव्यवहारांची चौकशी अनेक यंत्रणांनी मिळून करावी, अशी शिफारस लोकलेखा समितीने २००० च्या अखेरीस केली. समितीचे अध्यक्ष गेव्हिन वुड्स इंकाथाचे होते, आणि एएनसीचे अँड्र्यू फाइनस्टीन त्यांच्या बाजूने उभे होते. न्यायमूर्ती हीथ यांच्या विशेष तपास पथकाचा चौकशीत समावेश असावा हा कळीचा मुद्दा होता. सभागृहाने संमत केलेल्या अहवालात या पथकाला नेमण्याचा आदेश नाही, असा अर्थ सभापतींनी डिसेंबर २००० मध्ये जाहीर केला. जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी हीथ पथकाला वगळले आणि फाइनस्टीन यांना समितीतील पक्षगटाच्या नेतृत्वावरून दूर करण्यात आले. त्याच वर्षी त्यांनी संसद सोडली. जिनवाला यांनी लावलेला अर्थ शब्दशः कदाचित टिकेलही. परंतु समितीला पाठबळ हवे होते त्या क्षणी सभापतींचे वजन सरकारच्या पारड्यात पडले, हा आक्षेप खोडता येण्यासारखा नाही. ब्रिटिश प्रथेप्रमाणे सभापतींनी पक्ष सोडावा अशी तेथे अपेक्षा नव्हती, आणि पक्षाच्या यादीतून निवडून आलेल्या सदस्याचे सदस्यत्व पक्षाबरोबरच संपत असे.

२००४ मध्ये त्या पदावरून निवृत्त झाल्या. सप्टेंबर २००७ मध्ये एम्बेकी यांनी सरकारी अभियोगाचे राष्ट्रीय संचालक वुसी पिकोली यांना निलंबित केले. त्या वेळी पोलीसप्रमुख जॅकी सेलेबी यांच्या अटकेची तयारी चालू होती. पिकोली या पदास पात्र आहेत की नाही, याची चौकशी जिनवाला यांच्याकडे आली. सरकारला त्यांची अपात्रता सिद्ध करता आली नाही, असा निष्कर्ष त्यांनी २००८ च्या अखेरीस दिला. मात्र राष्ट्रीय सुरक्षेच्या बाबतीत राष्ट्राध्यक्षांच्या चिंतेची पिकोली यांनी पुरेशी दखल घेतली नाही, असेही नोंदवले. याच उल्लेखाचा आधार घेऊन एम्बेकी यांच्यानंतर आलेले हंगामी राष्ट्राध्यक्ष खालेमा मोत्लान्थे यांनी पिकोली यांना काढलेच. अहवालाचा दुसरा भाग अधिक काळ टिकला. न्याय खात्याचे महासंचालक मेन्झी सिमेलाने यांच्या चौकशीतील वर्तनावर त्यात कडक ताशेरे होते. पुढचे राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांनी २००९ मध्ये याच सिमेलाने यांना पिकोली यांच्या जागी नेमले, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये घटना न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली. कारणांमध्ये जिनवाला चौकशीपुढे सिमेलाने यांनी दिलेली साक्ष आणि त्याकडे नेमणूक करताना झालेले दुर्लक्ष यांचा समावेश होता.